वांग्यांचं ट्रेनिंग

रविवार, २० ऑक्टोबर २०२४. संध्याकाळी ७

सोसायटीची सभा झाली. विषय एकच, गच्चीवरची भाजी. गेल्या वर्षी कुणीतरी (नाव लिहीत नाही, चौथा मजला) जहाल औषध फवारलं आणि पाचव्या मजल्यावाल्यांना तीन दिवस खिडक्या उघडता आल्या नाहीत. तेव्हापासून फवारणीला बंदी. फवारणी नाही म्हणून कीड, कीड आहे म्हणून तक्रारी. पांढरी माशी लोकांच्या चहात पडते म्हणे. चेअरमन पानसे म्हणाले, की भाजीच्या मातीच्या बॅगा उतरवा, सोलर पॅनल बसवू, पॅनलला अळी लागत नाही. पानसे मूळचे शनिवार पेठेतले. वारज्यात येऊन चौदा वर्षं झाली, पण त्यांची जीभ अजून पेठेतच राहते.

मग मी उठलो. एकतीस वर्षं भोसरीच्या कंपनीत ट्रेनिंग डिपार्टमेंट सांभाळलेल्या माणसाला सभेत उठता येतं. म्हणालो, प्रश्न किडीचा नाहीच, झाडांच्या प्रतिकारशक्तीचा आहे. किडीशी लढायची ताकद झाडाच्या अंगातच असते. ती फक्त जागी करावी लागते. नुकताच या विषयावर एक वेबिनार पाहिला आहे. (दीड तासाचा होता. चाळीस मिनिटांत गाभा समजला.) गच्चीची संपूर्ण जबाबदारी मी घेतो, लेखी देतो.

पानसे म्हणाले, लेखीच द्या. दिलं. १२ जानेवारीला कमिटी पाहणी करणार. फवारणी नाही आणि कीडही नाही, तर गच्ची भाजीला. नाहीतर सोलर.

जाता जाता हेही जाहीर करून टाकलं, की यंदा भोगीच्या भाजीला वीसही घरांत आपल्या गच्चीवरची वांगी जातील. टाळ्या पडल्या. दोन-तीन.

आमची सौ. पूर्णिमा शेजारीच बसली होती. काही बोलली नाही. भारावली असावी.

२१ ऑक्टोबर

भारावली नव्हती. म्हणते, गच्चीवर चोवीस बॅगा, त्यांतल्या अठरा माझ्या, आणि मला न विचारता तुम्ही लिहून कसं दिलंत? शिवाय वांग्याचं बियाणं तिच्या आईचं आहे, वाळव्याकडचं. हिरवं, पांढऱ्या रेघांचं, देठाला काटे. आई गेल्यापासून नऊ वर्षं ही बाई दर हंगामात दोन वांगी झाडावर पिवळी होऊ देते, बी धुऊन सुकवून राखेत घालून डब्यात ठेवते. तिच्या भावाने सगळं रान उसाला दिलं, तिकडे आता ते वांगं नाही. गच्ची गेली तर पुढच्या वर्षी बी कुठे टाकू, असा तिचा प्रश्न.

मी शांतपणे समजावलं, की गच्ची जाणारच नाही. ती म्हणाली, बरं. आमच्याकडे 'बरं' म्हणजे विषय संपला, सहमती नव्हे.

संकल्प: उद्यापासून पहाटे साडेपाचला उठून गच्चीवर हजर.

२२ ऑक्टोबर. सकाळी ८.५०

पहिला दिवस. शरीराला सवय लागायला वेळ द्यावा लागतो.

दिवसभर ट्रेनिंग प्रोग्रॅम आखला. मूळ तत्त्व: लाडावलेलं झाड कीड ओढवून घेतं. थोडा ताण दिला की झाड सावध होतं, पानात कडू रसायनं तयार करतं, अळी एक घास घेते आणि निघून जाते. हे शास्त्र आहे. कंपनीतही मी हेच सांगत आलो. नव्या भरतीला पहिल्या आठवड्यात कँटीनचं कूपन द्यायचं नाही, बघा कसा माणूस तयार होतो. (तयार झालेले बरेचसे दुसऱ्या कंपनीत गेले, पण तयार झाले होते.)

मॉड्यूल १: पाणीकपात. एक दिवसाआड, अर्धा मग.
मॉड्यूल २: स्पर्श. मऊ कुंच्याने रोज प्रत्येक झाडाला वीस हलके फटके.
मॉड्यूल ३: कृत्रिम चावा. पानांना पंचिंग मशीनने भोकं. झाडाला वाटतं हल्ला झाला. प्रत्यक्षात मी असतो.
मॉड्यूल ४ आणि ५ गोपनीय.

२६ ऑक्टोबर

कुंच्याचे फटके चालू. वांगी अठरा, त्यांच्याच बॅगांत कडेला कोबी चार, टोमॅटो दोन. सहाव्या झाडापर्यंत हात भरून येतो. त्यामुळे उरलेल्यांना सामूहिक फटका.

पाचव्या मजल्यावरच्या नाजिमाभाभी कपडे वाळत घालायला आल्या होत्या. उरलेल्या सहा बॅगा त्यांच्या. थोडा वेळ बघत उभ्या राहिल्या. विचारलं, भाईसाहेब, झाडांनी काय केलं? मी पंधरा मिनिटांत सगळं तत्त्व सांगितलं. त्या म्हणाल्या, की त्यांच्या बॅगांना मात्र हात लावू नये, त्यांची झाडं बिनशिकलेलीच बरी.

छान! आयताच तुलनेचा गट मिळाला. शास्त्रात याला महत्त्व आहे. त्यांची झाडं आधी पडणार, हे इथे लिहून ठेवतो.

३० ऑक्टोबर

पूर्णिमा अलीकडे रोज सकाळी सव्वासहाला गच्चीवर जाते. हातात स्टीलचा जुना डबा. विचारलं, तर म्हणाली हवा खायला. डबा कशाला, तर म्हणाली फुलं. आमच्या गच्चीवर झेंडूचं एकच रोप आहे.

या वयात बायकांना एकांत लागतो. मी खोलात गेलो नाही.

उद्यापासून साडेपाच.

५ नोव्हेंबर

दिवाळीमुळे ट्रेनिंगमध्ये चार दिवसांचा खंड. चकली तळणीच्या दिवशी उठलो होतो साडेसहाला, पण ते वासाने.

८ नोव्हेंबर. सकाळी ९.४०

पहिली अधिकृत पाहणी. हातात भिंग, नोंदवही, पेन. अठरा वांगी, प्रत्येकाची पाच पानं. अळ्या: शून्य. अंडी: शून्य. मावा: शून्य.

दोनदा मोजलं. शून्य!

तीन आठवड्यांत. वेबिनारवाल्यांना ईमेल करायला हवा. नाजिमाभाभींच्या बॅगाही स्वच्छ दिसल्या, पण ते शेजाराचा परिणाम. सावध झाडं हवेतून शेजारच्या झाडांना इशारा देतात, हेही शास्त्रात आहे. म्हणजे भाभींची झाडं माझ्या झाडांच्या जिवावर जगतायत. त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, मेहेरबानी.

११ नोव्हेंबर

एक कोडं. मी एक दिवसाआड अर्धा मग पाणी देतो, पण बॅगांतली माती ओली लागते. याचा अर्थ मुळांनी ओल धरून ठेवायची कला शिकली. मॉड्यूल १ यशस्वी. आलेख काढला.

१५ नोव्हेंबर

मॉड्यूल ४. वेबिनारमध्ये होतं, की अळी पान कुरतडते तो थरथराट झाडाला ऐकवला तर झाड आधीच सज्ज होतं. पण कुरतडण्याचं रेकॉर्डिंग आणायचं कुठून? आमच्याकडे अळीच उरली नाही. यशाचीही अडचण असते.

मार्ग काढला. मोबाइल तोंडाजवळ धरून बाकरवडी खाल्ली. स्वच्छ, कुरकुरीत आवाज. पहिल्या टेकमध्ये मध्येच शिंक आली, दुसऱ्यात पूर्णिमाने हाक मारली, तिसरा ठीक, चौथा उत्तम. पाव किलो संपली. डॉक्टरांनी बंद केलेली आहे, पण हे खाणं नव्हे, ध्वनिमुद्रण.

दुपारी एक ते चार गच्चीवर ब्लूटूथ स्पीकर लावून ठेवला.

१७ नोव्हेंबर

लिफ्टमध्ये नोटीस. पानशांचं अक्षर. 'दुपारी एक ते चार या वेळेत गच्चीवर कोणीतरी सतत खात असल्याचा आवाज येतो. खाणाऱ्याने तोंड मिटून खावे, अथवा घरी खावे.'

वैज्ञानिक काम करणाऱ्याला समाज असाच वागवतो. आवाज कमी केला. झाडांना तेवढं पुरतं.

२४ नोव्हेंबर

मॉड्यूल ५. डोकेदुखीच्या गोळीत असतं त्याच जातीचं द्रव्य झाडही स्वतःच्या बचावासाठी बनवतं. त्यामुळे बाहेरून थोडं दिलं की झाडाला आठवण होते. घरातल्या दहा गोळ्या बादलीभर पाण्यात विरघळवून मुळाशी घातल्या. फवारणीला बंदी आहे, पाजण्याला नाही. ठराव नीट वाचलेला आहे.

संध्याकाळी पूर्णिमाचं डोकं दुखत होतं. घरात गोळी नव्हती. मी कारण सांगितल्यावर ते जास्त दुखायला लागलं.

१ डिसेंबर, रविवार

पाहणी. शून्य. फुलं आलीत, जांभळी. आठ झाडांवर बोटभर वांगी. हिरवी, रेघांची, काटेरी. पूर्णिमा एकेक देठ वर करून बघत होती. म्हणाली, आईच्या परसात अशीच यायची. आवाज जरा ओला होता. मलाही बरं वाटलं. म्हटलं, हे ट्रेनिंगमुळे. ती म्हणाली, बरं.

सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला. 'फवारणीशिवाय. झाडांच्या स्वतःच्या ताकदीवर.' अकरा अंगठे. पानशांनी अंगठा दिला नाही. त्यांनी लिहिलं, 'पाहू.'

७ डिसेंबर

व्याख्यान द्यावं असं मनात आहे. स्लाइड्स करायला घेतल्या. शीर्षक: 'ताणातून ताकद: उत्तरेश्वर बारबोले पद्धत'. 'पद्धत' शब्दावर बराच विचार केला. 'प्रणाली' जड वाटतं.

भुवया करायचा चिमटा सापडत नाही म्हणून पूर्णिमाला विचारलं (मला नाकातला केस काढायचा होता). म्हणाली गच्चीवर राहिला. गच्चीवर भुवया? उजेड चांगला असतो म्हणे.

१६ डिसेंबर

स्लाइड्स ६४ झाल्या. कुंचा, पंचिंग वगैरे दोन आठवडे राहूनच गेलं. पण पाहणी केली, शून्यच. म्हणजे झाडं आता स्वयंशिस्तीवर आहेत. ट्रेनरची गरज संपणं हेच ट्रेनिंगचं यश, हे वाक्य ६५व्या स्लाइडवर घेतलं.

२७ डिसेंबर, शुक्रवार

पूर्णिमा सकाळच्या गाडीने सांगलीला गेली. भावजयीच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. परत भोगीच्या सकाळी. म्हणजे पाहणीला ती नसणार. जायचं जिवावर आलं होतं तिच्या. गच्चीवर दोनदा जाऊन आली. मी म्हटलं, अगं, निर्धास्त जा, काम झालेलं आहे, आता फक्त श्रेय घ्यायचं बाकी आहे.

निघताना एक घडी घातलेला कागद दिला. रोज सकाळी हे करा, म्हणाली. चहा-दूध-गॅस असणार. खूण म्हणून रोजनिशीत ठेवला. सोयीचा आहे.

२८ डिसेंबर

नाजिमाभाभी दारात. विचारत होत्या, की पूर्णिमाभाभी नाहीत तोवर त्यांच्या बॅगा मी बघू का? मी नम्रपणे नकार दिला. ऐन पाहणीच्या तोंडावर बाहेरच्या माणसाचा हात लागला, तर निकाल कुणाचा म्हणायचा? त्या म्हणाल्या, पण सकाळी सकाळी नाही बघितलं तर... मी म्हटलं, भाभी, ही झाडं शिकलेली आहेत.

गच्चीवर पाटी लावली. 'प्रयोग चालू आहे. कृपया हात लावू नये.'

३१ डिसेंबर. सकाळी १०

माती कोरडी. मुळं ओल धरायला विसरलेली दिसतात. थंडीमुळे असेल. एक मग पाणी घातलं, अपवाद म्हणून.

दोन पानांवर भोकं. पंचिंग मशीनची नव्हेत, वेडीवाकडी. उत्तम. हल्ला झाल्याशिवाय बचाव दिसणार कसा? आता झाडं कडू होतील आणि अळ्या निघून जातील. बघत राहायचं.

१ जानेवारी २०२५

संकल्प: साडेपाच. या वर्षी कारणं नाहीत.

२ जानेवारी. सकाळी ९.१५

अळ्या निघून गेलेल्या नाहीत. नातेवाईक घेऊन आल्या आहेत.

पण घाबरण्याचं कारण नाही. प्रतिकाराला वेळ लागतो.

४ जानेवारी

सात झाडांचे शेंडे खाली वाकलेत. आधी वाटलं पाणी कमी. नंतर लक्षात आलं, की झाड वरची ऊर्जा मुळांकडे वळवतंय. माघार ही सुद्धा रणनीती असते. आलेखात नवा रकाना केला.

पूर्णिमाचा फोन. भावजय बरी आहे. लगेच विचारलं, शेंडे बघता ना? मी म्हटलं, बघतो. खोटं नाही, बघतोच. कागदाप्रमाणे चाललंय ना? म्हटलं, तंतोतंत. चहा वेळेवर होतो.

६ जानेवारी

कोबी संपला. शिरा उरल्यात. बाकरवडीचं रेकॉर्डिंग पूर्ण आवाजात लावलं. अळ्या थांबल्या नाहीत. उलट जोमाने खात होत्या, जणू पंगतीत कुणी सोबतीला बसलंय.

वेबिनारची उरलेली पन्नास मिनिटं पाहिली. त्यात शेवटी म्हणतात, की झाडाची प्रतिकारशक्ती हा फक्त एक आधार आहे, रोजचं लक्ष आणि हाताने वेचणं याला पर्याय नाही. हे त्यांनी सुरुवातीला सांगायला हवं होतं. सादरीकरणाची शिस्तच नाही लोकांना.

८ जानेवारी

पहाटे उठून बघावं म्हटलं. सात वाजून वीस मिनिटं. गच्चीवर पोचायचा या हंगामातला विक्रम. गच्चीवर नाजिमाभाभी त्यांच्या बॅगांशी खाली वाकून काहीतरी करत होत्या. मला बघून सरळ झाल्या. माझ्या पाटीकडे बघितलं, मग माझ्या झाडांकडे, मग माझ्याकडे. मी म्हटलं, थंडी फार आहे. त्या म्हणाल्या, हो ना.

त्यांच्या बॅगांत वांग्याची तीन झाडं आहेत, हे आज नीट बघितलं. हिरवीगार. बी पूर्णिमानेच दिलेलं म्हणे.

माझ्या अठरा झाडांवर आज एकूण वांगी सहा. सहाही वांग्यांना टाचणीएवढं भोक.

१० जानेवारी

एकही वांगं धड नाही. परवा पाहणी. सोमवारी भोगी. वीस घरं.

आज जेवलो नाही. भूक नव्हती असं नाही, पण ताटावर बसवेना. पूर्णिमाला फोन लावला आणि ती हॅलो म्हणताच कट केला. तिने परत केला, तेव्हा सांगितलं की चुकून लागला. तिने वांगी कशी आहेत विचारलं. मी म्हटलं, मजेत.

११ जानेवारी

विचारांती निर्णय. पाहणी म्हणजे शेवटी काय, तर पद्धतीतून काय साध्य होऊ शकतं हे दाखवणं. सादरीकरणात नमुने वापरतातच. कंपनीतही डेमो पीस वेगळा असायचा.

सकाळी मार्केट यार्ड गाठलं. वांग्यांचे ढीग बघून डोळे भरून आले, इतकी तुकतुकीत. बावीस निवडली, एकही भोक नाही. दुपारी, सगळे झोपलेले असताना, पूर्णिमाच्या शिवणाच्या डब्यातल्या हिरव्या दोऱ्याने झाडांना बांधली. चिवट, बारीक दोरा. लांबून काहीच कळत नाही. पाच फुटांवरून तर झाड भरल्यासारखं दिसतं.

खाल्लेली पानं काढून टाकली. काही झाडांना मग पानंच उरली नाहीत. नुसत्या काड्या आणि त्यांना लोंबणारी वांगी. जरा प्रदर्शनासारखं वाटतं, पण चालेल.

१२ जानेवारी, रविवार. दुपारी १२.३०

लिहावं लागेल.

साडेदहाला कमिटी आली. पानसे पुढे. मी चौसष्ट स्लाइड्सचा (पासष्टावी काढली) लॅपटॉप उघडून उभा. पानसे म्हणाले, आधी झाडं. चष्मा लावून पहिल्या बॅगेपाशी वाकले. वांग्याला बोट लावलं. वांगं फिरलं. पुन्हा लावलं, पुन्हा फिरलं. मग त्यांनी विचारलं, बारबोले, वांग्यांना गाठ मारायचं ट्रेनिंगही आपणच दिलंत का?

मी नमुन्यांची संकल्पना समजावायला लागलो. तेवढ्यात नाजिमाभाभींच्या तोंडून निघून गेलं, अगं बाई, ही तर जांभळी आहेत. पूर्णिमाभाभींच्या झाडाला हिरवी वांगी येतात.

अठरा झाडं. बावीस वांगी. मी पहिल्यापासून हिरवी बघत आलो होतो, फोटोही मीच टाकला होता. आणि काल मार्केट यार्डात उभा असताना हे एकदाही डोक्यात आलं नाही.

कुणी हसलं नाही. ते जास्त वाईट होतं.

मग पानसे पलीकडच्या बॅगांकडे गेले. भाभींची तीन झाडं. नऊ वांगी, हिरवी, रेघांची. पानं उलटी केली. काही नाही. त्यांनी विचारलं, हे कुणाचं ट्रेनिंग? भाभींनी माझ्याकडे बघितलं. सांगायचं त्यांच्या मनात नव्हतं, हे मला दिसलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, की ट्रेनिंग कसलं, पूर्णिमाभाभी आणि मी रोज सव्वासहाला येतो आणि अळ्या वेचतो. सगळ्या चोवीस बॅगांवरच्या. ऑक्टोबरपासून. पूर्णिमाभाभी गेल्यावर त्या बॅगांना हात लावायला मनाई झाली, म्हणून फक्त माझ्या वेचल्या.

पानशांनी पाटी वाचली. कमिटी खाली गेली. मी दोरे सोडवत बसलो.

तोच दिवस. दुपारी ३

घडीचा कागद उघडला. जशाच्या तसा उतरवतो.

'रोज सव्वासहाला जा, ऊन आलं की अळ्या लपतात. पानं उलटी करून बघा, पिवळी अंडी बोटाने पुसा. शेंडा वाकला असेल तर आत अळी आहे, वाकला तिथून खाली कापा, डब्यात टाका. डब्यात साबणाचं पाणी. चिमटा पाण्याच्या टाकीमागे ठेवलाय. मावा जुन्या टूथब्रशने. पाणी रोज एक मग, मी रोज घालत होते. कोपऱ्यातल्या झाडावरची दोन वांगी तोडू नका, बियांना ठेवली आहेत. जमलं नाही तर नाजिमाला सांगा, तिला सगळं माहीत आहे. तुमचे प्रयोग चालू ठेवा, झाडांना फार त्रास होत नाही.'

शेवटची ओळ चार वेळा वाचली.

कोपऱ्यातल्या झाडावर काल मीच दोन जांभळी बांधली होती. बियांना ठेवलेली दोन्ही त्याच्या आधीच आतून पोखरून गळाली. म्हणजे यंदा बी नाही. नऊ वर्षं तिने राखेत जपलं आणि मी अडीच महिन्यांत संपवलं. भिंग घेऊन.

१३ जानेवारी, भोगी. सकाळी ११

ग्रुपवर पानशांचा मेसेज. 'भोगीची वांगी सर्वांनी बाजारातून आणली आहेत. ज्यांनी पुरवण्याचे जाहीर केले होते त्यांनी त्रास घेऊ नये.'

पूर्णिमा स्वारगेटहून रिक्षाने आली. मी दारातच सगळं सांगितलं. जांभळ्या वांग्यांसकट. आयुष्यात पहिल्यांदा प्रस्तावनेशिवाय बोललो. बियांची दोन वांगी गेल्याचंही सांगितलं. तिने पिशवी खाली ठेवली आणि तशीच गच्चीवर गेली. मी मागे गेलो नाही. हिंमत झाली नाही.

अर्ध्या तासाने आली. हातात काही नव्हतं. डोळे लाल. म्हणाली, नाजिमाने तिच्या नऊपैकी तीन वांगी ठेवलीत, तोडली नाहीत. पिकू देणार आहे. आईचं बी आहे ते, तिच्याकडे वाढलं काय नि माझ्याकडे.

मग आत जाऊन भाजी चिरायला घेतली. मार्केट यार्डच्या बावीस वांग्यांची. टाकायची कशाला, म्हणाली. तिळाची भाकरी केली. मला वाढली. मी सॉरी म्हटलं. ती म्हणाली, जेवा.

१५ जानेवारी

कमिटीचा ठराव हाती आला.

'१) गच्चीवरील भाजीला पुढील एक वर्ष परवानगी देण्यात येत आहे. २) जबाबदारी सौ. पूर्णिमा बारबोले व सौ. नाजिमा शेख यांची राहील. ३) श्री. उत्तरेश्वर बारबोले यांनी कपडे वाळत घालण्याखेरीज अन्य कारणासाठी गच्चीवर येऊ नये.'

तिसऱ्या कलमावर हरकत घ्यावी असं आधी वाटलं. मसुदा केला. साडेतीन पानं झाला. पूर्णिमाला वाचून दाखवायला गेलो, तर ती बियांचा रिकामा डबा पुसत होती. मसुदा फाडला.

१८ जानेवारी. सकाळी ७

साडेपाचला उठलो. गजर न लावता.

सव्वासहाला पूर्णिमा डबा घेऊन निघाली. मी बादलीत चार कपडे टाकले आणि मागोमाग गेलो. दोन माझेच शर्ट, धुतलेले, पण कालच वाळलेले. ते पुन्हा ओले केले. वाळत घालायला कायदेशीर काहीतरी हवं.

दोरीपाशी उभा राहून बघितलं. उजेड नुकता येत होता. दोघी खाली वाकलेल्या, पानं उलटवतायत, चिमट्याने वेचतायत, हलक्या आवाजात बोलतायत. मधेच हसल्या. दोन महिने रोज हे चालू होतं आणि मी खाली झोपून प्रतिकारशक्तीची स्वप्नं बघत होतो.

शर्ट वाळत घालून झाले. उभाच राहिलो. पूर्णिमाने वर न बघता हात लांब केला. म्हणाली, नुसते उभे आहात तर हा डबा धरा. नाजिमाभाभी म्हणाल्या, ठरावात डबा धरायला मनाई नाही.

धरला. अर्धा तास. अकरा अळ्या. डबा जरा तिरका धरला तर अळी निसटत नाही, आणि झाकणाला एक छोटी जाळी बसवली तर

नको.